एकदा तरी डोळा लावून बघायचाय असा आयपीस कुठला?

गच्चीवरचा_डॉब

नमस्कार मंडळी. मुलुंडला राहतो, ८ इंची एफ ६ डॉब (हाताने ढकलायची आरशाची दुर्बीण) आहे, म्हणजे आरसा ८ इंची आणि फोकल लेंग्थ त्याच्या सहापट, १२०० मिमी, आणि त्याच्याबरोबर डब्यात आलेले दोन प्लोझल, म्हणजे साधे आयपीस (डोळा लावायच्या बाजूची भिंगं), २५ आणि १० मिमी. दोन वर्षं झाली, या दोनांवरच संसार चाललाय, तक्रार अशी काही नाही, गुरूचे पट्टे दिसतात, मृगातला तेजोमेघ दिसतो, शनी बघून सोसायटीतली पोरं अजून किंचाळतात.

पण गेल्या हिवाळ्यात आकाश बघायला कर्जतच्या बाजूला वांगणीला गेलो होतो तिथे एकाच्या दुर्बिणीला लावलेला आयपीस बघितला, अक्षरशः चहाच्या कपाएवढी काच होती त्याला. रांगेत मी अठरावा होतो, माझा नंबर यायला आणि ढग यायला एकच गाठ पडली. तेव्हापासून डोक्यात किडा आहे.

विकत घ्यायचं म्हणत नाहीये हां. तेवढ्या पैशात दुसरी दुर्बीण येईल, आणि घरी कळलं तर मी आणि डॉब दोघंही पॅसेजमध्ये झोपू. फक्त एवढंच विचारतोय, आयुष्यात एकदा डोळा लावायचा झाला तर कुठल्या आयपीसला लावावा? तुमच्यापैकी कुणी खरंच बघितलंय का यातल्या कशातून? आणि मुख्य म्हणजे आपल्या मुंबईच्या आभाळात त्याचा फरक कळतो का, की सगळं सारखंच राखाडी?

---

मालडब्यातला

कळतो. म्हणजे काय बघताय त्यावर आहे, पण कळतो.

मी टेलिव्ह्यू कंपनीचा १३ मिमीचा ईथॉस बघितलाय, एकदाच, वांगणीलाच, एप्रिलमध्ये मध्यरात्रीच्या सुमारास. मित्राचा १२ इंची एफ ५ होता, म्हणजे साधारण ११५ पट मोठं दिसतं (फोकल लेंग्थ भागिले आयपीसची मिमी). नरतुरंगातला ओमेगा गुच्छ लावला होता. तो आपल्या इथून दक्षिणेला फार वर येत नाही, जास्तीत जास्त २३-२४ अंशांवर, पण येतो तर खरा, युरोपातल्या बहुतेकांना तर तो क्षितिजाच्या वरही दिसत नाही. तर मी डोळा लावला आणि पहिल्यांदा मला वाटलं आयपीस लावलेलाच नाही. काळी गोल किनार असते ना आपल्या प्लोझलमध्ये, नळीतून बघितल्यासारखी, ती दिसेचना. शोधायला लागली, मान वाकडी करून बघावी लागली किनार कुठेय ते. १०० अंशांचं फिल्ड (आयपीसमध्ये दिसणाऱ्या वर्तुळाची रुंदी) म्हणजे काय ते तेव्हा समजलं, तोवर नुसता आकडा होता. आणि मधोमध तो गुच्छ, रवा सांडल्यासारखा. मी मागे न बघता बोललो "अरे बापरे", मागची बाई म्हणाली "काका पुरे, आम्हाला पण बघायचंय".

आता याच्या मागची गोष्ट मला आवडते म्हणून सांगतो. ॲल नॅगलर हा माणूस टेलिव्ह्यू काढायच्या आधी अपोलोच्या चांद्रयानाचा जो सिम्युलेटर होता, अंतराळवीर जमिनीवर बसून उतरण्याचा सराव करायचे तो, त्याच्या खिडकीतून दिसणाऱ्या दृश्याचं ऑप्टिक्स करायचा. खिडकीतून बघतोय असं वाटायला हवं, नळीतून नव्हे, हा त्याच्या कामाचाच भाग होता. १९७७ मध्ये स्वतःची कंपनी काढली, मग ८२ अंशांचा नॅगलर आला, त्या काळात लोक ५० अंशांत सुखी होते. १०० अंशांचा ईथॉस २००७ ला आला, त्याचं डिझाईन पॉल डेलेकाय याचं.

आणि तुझ्यासारख्या डॉबवाल्याला याचा एक रोकडा फायदा आहे जो फोटोत कळत नाही. आपल्या दुर्बिणीला मोटर नाही, हाताने ढकलायची. आकाश मिनिटाला पाव अंश सरकतं. २०० पटीला तुझ्या ५० अंशांच्या प्लोझलमध्ये खरं आकाश दिसतं ५० भागिले २००, पाव अंश, म्हणजे गुरू या टोकाकडून त्या टोकाला एका मिनिटात गायब, आणि मधल्या काळात दुर्बीण हलायची थांबायला चार-पाच सेकंद. १०० अंशांत तेच दोन मिनिटं. पोरांची रांग असते तेव्हा एक मिनिट जास्त मिळणं म्हणजे काय हे ज्याने गच्चीवर दुर्बीण लावलीय त्यालाच ठाऊक.

---

चारच_काचा

मालडबा, तुमचं वर्णन झकास आहे पण प्रश्न मुंबईच्या आभाळाचा होता आणि तुम्ही वांगणीला जाऊन बसलात.

मी गिरगावातून बघतो. इथे ओमेगा गुच्छ वगैरे विसरा, इथे आहे चंद्र, गुरू, शनी, मंगळ आणि जोडतारे. त्याला १०० अंश कशाला हवेत? शनी केवढा, फिल्डच्या मधोमध वाटाण्याएवढा, बाकीचं ९५ अंश मी काळा (करडा) रंग बघायचे पैसे मोजू? माझं स्वप्न विचाराल तर जर्मन झाईस कंपनीचा ॲबे ऑर्थो. ॲबेचं हे डिझाईन १८८० चं, चार काचा, तीन चिकटवलेल्या आणि एक सुटी, फिल्ड जेमतेम ४०-४५ अंश. झाईसने ते ज्या निगुतीने बनवले तसे आता बनत नाहीत, जुने फिरतात ते जपलेल्या पैठणीसारखे या हातातून त्या हातात. त्याहून टोकाचं म्हणजे मोनोसेंट्रिक, तीन काचा एकत्र चिकटवून एकच गोळा, हवेला लागणारे पृष्ठभाग फक्त दोन. फिल्ड ३० अंशांच्या आसपास, म्हणजे खरंच नळीतून बघणं. पण चंद्राच्या कडेला एखादा तेजस्वी तारा असला तरी भुताटकीसारखी प्रतिबिंबं उठत नाहीत असं म्हणतात.

बघितलाय का मी? झाईस नाही. साधा जपानी ऑर्थो ६ मिमीचा आहे माझ्याकडे, वीसेक वर्षं जुना, आणि त्यातून एकदा शनीच्या कड्यांमधली कॅसिनीची फट इतकी धारदार दिसली की मी खाली जाऊन आईला उठवून आणलं. ती म्हणाली छान आहे, आता झोप.

पण खरं सांगू का, आमच्याकडे आयपीसच्या आधी हवेचं बघावं लागतं. समोरच्या बिल्डिंगच्या भिंतीवर अकरा एसींची बाहेरची यंत्रं आहेत, मोजलीयत मी, त्यांच्यावरून शनी गेला की उकळत्या पाण्यातल्या बटाट्यासारखा नाचतो. गच्चीचा स्लॅब दिवसभर तापलेला, तो रात्री अकरापर्यंत वाफा सोडतो. साडेअकरानंतर, वारा पडलेला, हवेत जरा दमट धूसरपणा, तारे लुकलुकत नाहीत अशी रात्र मिळाली की प्लोझलसुद्धा झाईस होतो. तारे चमचम करतायत अशा "स्वच्छ" रात्री ग्रहांच्या नादी लागूच नये.

---

काजळ_नको

चष्मेवाल्यांचं कुणी बोलतच नाही कधी 🙂

माझा नंबर मायनस ४ आणि वर सिलिंडर १.७५. ऑर्थो आणि छोटे प्लोझल यांचं प्रेम मला परवडत नाही कारण १० मिमी प्लोझलला डोळा सात-आठ मिमीवर न्यावा लागतो, म्हणजे पापण्या काचेला घासतात आणि चष्मा लावून तर अर्धं फिल्ड गेलंच. चारच_काचा, तुमच्या त्या ६ मिमी ऑर्थोला मी डोळा लावला तर माझा नंबर काचेवर उमटेल.

म्हणून माझ्या स्वप्नातला म्हणजे पेंटॅक्सचा एक्सडब्ल्यू. ७० अंश फिल्ड, आणि ३.५ मिमीचा घ्या नाहीतर १० मिमीचा, डोळा २० मिमी लांब ठेवूनही पूर्ण दिसतं. मी १० मिमीचा दोन रात्री वापरलाय, एका ताईंनी विश्वासाने दिला होता. चष्मा लावून, ताठ बसून, श्वास न रोखता चंद्रावरचं कोपर्निकस विवर बघणं हा अनुभव काय असतो ते बिनचष्मेवाल्यांना नाही कळायचं.

गच्चीवरचा_डॉब, तुम्हाला चष्मा असेल तर एक गोष्ट माहीत असू द्या. नुसता मायनस-प्लस असेल तर चष्मा काढून फोकस फिरवला की झालं. त्रास सिलिंडरचा असतो, पण तोही मोठ्या एक्झिट प्युपिलला, म्हणजे आयपीसमधून डोळ्यात शिरणारा प्रकाशझोत जाड असला की. त्याची जाडी आयपीसची मिमी भागिले दुर्बिणीचा एफ नंबर, म्हणजे तुमच्या २५ ला जवळजवळ सव्वाचार मिमी, तिथे मला तारे उडत्या पाकोळ्यांसारखे दिसतात. ६ मिमीचा लावला की एक मिमी, तिथे माझं सिलिंडर जवळजवळ गायब, चष्म्याशिवाय चालतं. हे कळायला मला तीन वर्षं लागली, तोवर मी आरशाला शिव्या घालत होते आणि दर आठवड्याला कोलिमेशन (आरसे एका रेषेत जुळवणं) करत होते.

आणि आयडीचं कारण: शाळेत कार्यक्रम केला होता, दीडशे मुली, प्रत्येकीच्या डोळ्यात काजळ. घरी येऊन आयपीस बघितला तर काळा.

---

गच्चीवरचा_डॉब

वा, एवढी उत्तरं येतील वाटलं नव्हतं. चष्मा आहे, सिलिंडर अर्धाच आहे, म्हणजे वाचलो बहुतेक.

चारच_काचा, तुमचे एसी वाचून हसलो पण आमच्याकडे पण तेच, वर मेट्रोच्या कामाचे फ्लडलाईट. पण मला अजून तो चहाचा कप सोडत नाहीये. तो नेमका काय असेल? काळा, मुठीत न मावणारा, वर हिरवी अक्षरं होती एवढं आठवतं.

---

शेलूनंतर_नेरळ

हिरवी अक्षरं म्हणजे टेलिव्ह्यू, आणि चहाचा कप म्हणजे ३१ मिमीचा नॅगलर असणार. आणि तू ज्या रांगेत अठरावा होतास ती बहुतेक माझीच रांग 😄 ढग माझ्यामुळे नव्हते.

आता याच्याबद्दल खरं खरं सांगतो, कारण लोक नुसतं कौतुक करतात. वजन किलोभर. तुझ्या ८ इंचीला लावलास की ट्यूब नाक खाली घालते, नंदीबैलासारखी. माझी ट्यूब पत्र्याची आहे म्हणून लॅमिंग्टन रोडवरून मोठ्या स्पीकरचे दोन जुने मॅग्नेट आणले आणि आरशाच्या बाजूला चिकटवले, हलका आयपीस लावला की काढायचे. हे काढायला एकदा विसरलो तर ट्यूब सरळ वर गेली आणि मागे उभ्या माणसाच्या हनुवटीला फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) लागला. माणूस चांगला होता, म्हणाला तारे दिसले.

आता फायदा. तुझ्या १२०० मिमीला हा लावला की ३९ पट, आणि आकाश दिसतं पूर्ण दोन अंश. तुझा २५ चा प्लोझल ४८ पटीला एकच अंश दाखवतो, त्यात कृत्तिका कोंबून बसवाव्या लागतात, कोपर बाहेर राहतं. याच्यात कृत्तिका मधोमध आणि चहूबाजूला मोकळी जागा, म्हणजे तो पुंजका आहे हे पहिल्यांदा कळतं. कडेचे तारेही टाचणीच्या टोकाएवढे, अगदी कडेला आरशाचा कोमा (ताऱ्यांना शेपटी फुटल्यासारखा दोष) थोडा दिसतो, एफ ६ ला चालून जातं.

पण मुंबईतून याचा उपयोग शून्य. एक्झिट प्युपिल पाच मिमीच्या वर, म्हणजे मुलुंडचा सगळा उजेड डोळ्यात. मी एकदा हौसेने कांजूरच्या गच्चीवरून लावला तर कृत्तिका दुधात पडलेल्या साखरेसारख्या, होत्या पण दिसत नव्हत्या. शहरात १३-१४ मिमीच्या आतबाहेर काहीतरी लाव, पार्श्वभूमी काळवंडते, तारे तेवढेच राहतात. तेव्हा मालडबा म्हणतोय तो १३ चा ईथॉस मुंबईकराला जास्त लागू, हे मी ३१ चा मालक असून कबूल करतो.

अजून एक, कुणी सांगत नाही म्हणून. बुरशी. मी घेतला त्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात तो मूळ फोमच्या डब्यात कपाटात तसाच पडला होता, जून ते सप्टेंबर उघडलाच नाही. घटस्थापनेला काढला तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. उघडून साफ करून घेतला, किती गेले ते विचारू नकोस, आणि तरी एक डाग आहेच, दिवसा खिडकीकडे धरला तर दिसतो. फोम पाणी धरून ठेवतो. आता सगळे आयपीस स्टीलच्या हवाबंद डब्यात, आधी त्यात फराळाची चकली असायची, आणि सिलिका जेलची पुरचुंडी. निळे दाणे गुलाबी झाले की कढईत मंद गॅसवर परतायचे, परत निळे होतात. ती कढई वेगळी ठेवा, नाहीतर घरात दुसरी बुरशी लागते. एक्सप्लोर सायंटिफिकवाल्यांनी आपल्या आयपीसमध्ये आर्गॉन भरून सील केलंय, मुंबईच्या हिशोबाने मला ते फिल्डच्या आकड्यापेक्षा मोलाचं वाटतं. त्यांचा ९ मिमीचा १२० अंशांचा आहे ना, तो माझं स्वप्न. किलोच्या वर आहे. मॅग्नेट पुरणार नाहीत.

---

चारच_काचा

१२० अंश! डोळा कुठे कुठे फिरवणार? मान लचकेल.

बुरशीचं मात्र शंभर टक्के खरं. माझ्या ऑर्थोला लागली नाही कारण तो रोज वापरात असतो. वापरा रे.

---

मालडब्यातला

शेलूनंतर_नेरळ, तुमचा तो ३१ चा डाग तारे बघताना दिसतो का? आणि विकताय का 😀

---

शेलूनंतर_नेरळ

नाही दिसत. नाही विकत.

गच्चीवरचा_डॉब, डिसेंबरच्या अमावास्येच्या जवळच्या शनिवारी आम्ही पाच-सहा जण वांगणीच्या पुढे एका ओळखीच्यांच्या शेतावर जातोय, कार्यक्रम वगैरे काही नाही, रांग नाही. रात्री दहाच्या सुमाराला कृत्तिका डोक्यावर असतात. तुझा डॉब घेऊन ये, ३१ चा तुझ्याच दुर्बिणीला लावू, स्वतःच्या दुर्बिणीतून बघितल्याशिवाय फरक कळत नाही. मॅग्नेट मी आणतो. काजळ_नको, तुम्ही पेंटॅक्सवाल्या ताईंना पण विचारा.

---

काजळ_नको

विचारते. त्या येतील, पण त्यांची अट असते, आयपीसला हात लावायच्या आधी हात धुवायचे, मिसळ खाऊन यायचं नाही.

---

गच्चीवरचा_डॉब

येतो!! ट्यूब आणि बेस मिळून वीसेक किलो होतं, गाडी नाहीये, कर्जत लोकलच्या मालडब्यात चढू देतात ना? आणि शनिवारी दुपारी कितीची पकडली तर कल्याणला डबा रिकामा होतो?

---

मालडब्यातला

चढू देतात, आयडी बघ माझा. बेस आधी टाक, त्यावर बस, ट्यूब आडवी मांडीवर. कल्याणला काही रिकामा होत नाही, बदलापूरला होतो. कोणी विचारलं काय आहे तर गीझर सांग, दुर्बीण सांगितलीस तर वांगणीपर्यंत सगळ्यांना शनी कधी दिसेल ते सांगत बसशील.