किडनीचा कर्करोग: प्रत्येक रिपोर्टात जनुकीय चाचणी हवी का?

तिसवाडीकर
किडनी काढली की रिपोर्टात आकार, ग्रेड (पेशी किती बिघडलेल्या दिसतात), स्टेज (रोग किती पसरलाय) येतात आणि रुग्ण पुढे किती जगेल याचा अंदाज त्यावरच बांधला जातो. माझं मत, क्लिअर सेल या नेहमी आढळणाऱ्या प्रकारात बीएपी-१ चं स्टेनिंग सक्तीचं करा. बीएपी-१ हे गाठींना आवर घालणारं जनुक, त्याचं प्रथिन पेशीच्या केंद्रकात असलं की पट्टीवर तपकिरी रंग येतो. व्हीएचएल हे दुसरं जनुक बहुतेक गाठींत बिघडलेलंच असतं, त्यावरून पुढचं काही कळत नाही. पण बीएपी-१ गेलेल्या गाठी चवताळलेल्या. नुसतं पीबीआरएम-१ हे तिसरं जनुक बिघडलेल्या त्यामानाने सुस्त. खर्च काय, तर एक काचपट्टी आणि एक अँटिबॉडी. सिक्वेन्सिंगसाठी, म्हणजे डीएनए वाचायला, ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) गोव्याबाहेर पाठवायलाही नको.

फोंडेकर
सक्ती कशाला? लेबोविच स्कोअर, म्हणजे रोग पुढे पसरण्याच्या धोक्याचे गुण, रिपोर्टावरूनच फुकटात निघतो. गाठ किडनीबाहेरच्या चरबीत शिरलेली, ४ गुण, ग्रेड ३ ला १, नेक्रोसिसला (गाठीतला मेलेला भाग) १. झाले ६, म्हणजे धोका जास्त. बीएपी-१ गेलेल्या गाठी बहुधा वरच्या ग्रेडच्याच, मग तेच दोनदा मोजायचं? ऑपरेशननंतर पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध द्यायचं की नाही, तेही स्टेज-ग्रेडवर ठरतं.
शिवाय तुकडा कुठला घेणार? २०१२ च्या एका गाजलेल्या अभ्यासात ६३ ते ६९ टक्के म्युटेशन्स (जनुकांतले बदल) एकाच गाठीच्या सगळ्या भागांत सापडली नव्हती.

काचपट्टी
त्याआधी नमुना टिकवणाऱ्या फॉर्मलिनचं बोला. अख्खी किडनी न चिरता डब्यात टाकली, तर फॉर्मलिन तासाला जेमतेम १ मिमी आत शिरतं, तोवर मधला भाग खराब. उभी चिरा, १० टक्के बफर्ड फॉर्मलिन भरपूर घाला, ६ ते ७२ तास ठेवा. चवथीच्या आदल्या दिवशीचा नमुना सुट्टी संपेपर्यंत तसाच राहिला, की स्टेन फिका येतो आणि सिक्वेन्सिंगमध्ये डीएनएच्या सी या अक्षराच्या जागी टी अशी खोटी म्युटेशन्स दिसतात.
आणि फिका दिसला म्हणून 'बीएपी-१ गेलं' लिहू नका. त्याच पट्टीवर लिम्फोसाइट्सची (निरोगी पांढऱ्या पेशींची) केंद्रकं तपकिरी आहेत का ते बघा. तीही निळीच असतील तर टेस्ट बाद, परत लावा.

तिसवाडीकर
काचपट्टी, हे शंभर टक्के मान्य. फोंडेकरबाब, ६ गुणवाल्याचं सोडा, ३ ते ५ वाल्यांचं, म्हणजे मधल्या धोक्याच्यांचं, काय? तिथे दोन ब्लॉक लावा, एक सगळ्यात वाईट ग्रेडचा, दुसरा लांबच्या कडेचा.

फोंडेकर
तेवढ्यापुरतं चालेल. पण रिपोर्टात 'केंद्रकात बीएपी-१ दिसत नाही' इतकंच छापा, किती महिने जगेल तो आकडा नको. घरचे तो धरून बसतात आणि फॉलो-अपचा सीटी राहून जातो. आणि रुग्ण ४६ च्या आतला असेल तर वारशाची तपासणी रक्तावर, आधी समुपदेशन करून. ती गाठीच्या पट्टीवर उरकायची नसते.