अनुभव धागा: सेंट पॅट्रिक्स डेची मिरवणूक तुम्ही कुठे पाहिलीत?

नदीकाठ

काल वरच्या मजल्यावरची शाळकरी मुलगी आयरिश नृत्याचे कडक तळव्यांचे बूट घालून सराव करत होती, आणि तो ठेका ऐकता ऐकता शिकागोतला मार्चमधला एक शनिवार डोळ्यांपुढे उभा राहिला. आम्ही नुकतेच तिथे राहायला गेलो होतो आणि सेंट पॅट्रिक्स डेला, म्हणजे १७ मार्चच्या आयरिश सणानिमित्त, नदी हिरवी करतात, एवढेच ऐकून होतो. पुलाच्या कठड्याशी उभे राहिल्यावर दिसले ते असे की, मोठ्या बोटीतली माणसे पीठ चाळायच्या चाळण्यांतून शेंदरी पूड पाण्यावर भुरभुरत होती. पूड पडेल तिथे पाणी क्षणभर नारिंगी दिसे आणि बघता बघता झगझगीत हिरवे होई. मागून येणारी छोटी बोट गिरक्या घेत तो रंग घुसळत होती.

हे काम शहरातल्या प्लंबरांची संघटना १९६२ पासून करत आली आहे. नदीत सांडपाणी नेमके कुठून मिसळते हे शोधण्यासाठी पाण्यात रंग सोडला जाई, त्यातून ही कल्पना निघाली. पहिल्या वर्षी १०० पौंड रंग टाकला गेला आणि नदी आठवडाभर हिरवी राहिली. आता निम्म्याहूनही कमी रंग पुरतो. एवढ्या मोठ्या शहराच्या उत्सवाचा पहिला मान नळजोडणी करणाऱ्या कामगारांकडे असावा, हे मला फार भावले. तुम्हीही आपले अनुभव अवश्य लिहा.

उत्तररात्र

न्यूयॉर्कची मिरवणूक १७६२ पासूनची आहे, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यापेक्षा १४ वर्षांनी जुनी. फिफ्थ ॲव्हेन्यूवर ४४व्या रस्त्यापासून ती उत्तरेकडे निघते आणि तीत चित्ररथ नसतात. सगळे पायीच चालतात. सर्वांत पुढे ६९व्या रेजिमेंटचे सैनिक आणि त्यांच्यासोबत उंचच उंच आयरिश वुल्फहाउंड कुत्री असतात.

मला मात्र लक्षात राहिले ते काउंट्यांचे, म्हणजे आयर्लंडमधल्या जिल्ह्यांचे, फलक. कॉर्क, केरी, मेयो, गॉलवे अशा एकेका काउंटीचे मंडळ आपला भरजरी फलक घेऊन येते, जशी मुंबईत कोकणातल्या एकेका गावाची मंडळे असतात. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एक वृद्ध बाई सकाळपासून शांत होत्या, पण मेयोचा फलक दिसताच त्यांनी दोन्ही हात वर करून हाक मारली आणि चालणाऱ्यांपैकी एक गृहस्थ रांग सोडून त्यांना भेटायला आले. त्यांची आई मेयोची होती, त्या स्वतः तिथे कधीच गेल्या नव्हत्या, असे त्यांनी मला नंतर सांगितले.

सायली_डब्लिन

उत्तररात्र, त्या बाईंबद्दल वाचून भरून आले. त्यांच्या आईचे मेयो हा आयर्लंडच्या मोठ्या दुष्काळाने सर्वांत होरपळलेल्या भागांपैकी एक. १८४५ मध्ये बटाट्यावर करपा पडला आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे मेली, तर त्याहून अधिक देश सोडून गेली. डब्लिनमध्ये मिरवणूक ओकॉनेल पुलावरून लिफी नदी ओलांडते, आणि तिथून थोडे पुढे कस्टम हाउस धक्क्यावर जहाजाच्या दिशेने निघालेल्या, हाडांचे सापळे झालेल्या माणसांचे कांस्य पुतळे आहेत. मी दर वर्षी मुलांना मिरवणुकीआधी तिथे नेते, कारण अमेरिकेतल्या या मिरवणुका कुणाच्या वंशजांनी वाढवल्या हे त्यांना कळायला हवे, असे मला मनापासून वाटते.

आणखी एक. इथली मिरवणूक पार्नेल चौकातून निघते. पार्नेल हे आयर्लंडच्या होमरूल चळवळीचे नेते. लोकमान्यांनी १९१६ मध्ये बेळगावला होमरूल लीग स्थापन केली, ती कल्पना याच मातीतून आलेली. त्या चौकात भारतीय मंडळींचे पथक तयारीत उभे असलेले पाहिले, तेव्हा हे आठवून ऊर भरून आला.

मालवणी_माणूस

लिओ वराडकरांचा उल्लेख कुणीच कसा केला नाही? त्यांच्या वडिलांचे मूळ गाव वराड, आमच्या मालवण तालुक्यातले. २०१७ मध्ये ते आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा गावात आनंदीआनंद होता, आणि २०१९च्या अखेरीस ते कुटुंबासह गावी येऊनही गेले.

उत्तररात्र

मालवणी_माणूस, तुम्ही आठवण काढलीत हे बरे झाले. वराडकर २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या मिरवणुकीत आपल्या पुरुष जोडीदारासह चालले होते. समलिंगी गटांना आपल्या फलकाखाली तिथे चालता यावे म्हणून कित्येक वर्षे झगडावे लागले आणि २०१५ मध्ये पहिल्यांदा तशी परवानगी मिळाली, हे लक्षात घेतले तर त्या चालण्याचे मोल कळते.

ताकभात

मिरवणुकीनंतर शेजारच्या आयरिश आजींनी आम्हाला घरी बोलावले होते. कॉर्न्ड बीफ (खारवलेले गोमांस) आणि कोबी आम्ही खाणार नाही हे त्यांना ठाऊक असल्यामुळे त्यांनी सोडा ब्रेड वेगळा काढून ठेवला होता. मैदा, मीठ, खायचा सोडा आणि ताक एवढेच साहित्य. ताकाच्या आंबटपणामुळे सोडा फसफसतो, त्यामुळे यीस्टही लागत नाही आणि पीठ मुरवत ठेवावेही लागत नाही. गोळा फार मळायचा नाही आणि वर सुरीने खोल फुलीची खूण करायची, हे त्यांनी स्वतः हात धरून दाखवले. गरम तुकड्यावर लोणी लावून खाल्ले.

अनामिका_के

सर्व अनुभव वाचून फार आनंद झाला. या मार्चमध्ये सासूबाई शिकागोला आमच्याकडे असतील. त्यांचे गुडघे दुखतात आणि त्यांना गर्दी सोसत नाही. नदी पाहायला न्यावे की नेऊ नये?

नदीकाठ

अनामिका, शनिवारी सकाळी पुलांवर पाय ठेवायला जागा नसते, म्हणून त्या वेळी नेऊ नका. रंग काही तास सहज टिकतो, तेव्हा मिरवणूक संपून गर्दी पांगली की दुपारी उशिरा न्या. मिरवणूकच दाखवायची असेल तर रविवारची साउथ साइडची, म्हणजे शहराच्या दक्षिण भागातली, पाहा. ती वेस्टर्न ॲव्हेन्यूवरून १०३व्या रस्त्यापासून दक्षिणेकडे जाते आणि तिथे आसपासची कुटुंबेच जास्त असतात. घडीची खुर्ची, शाल आणि थर्मासमध्ये चहा बरोबर ठेवा, कारण मार्चमधला मिशिगन तळ्याकडून येणारा वारा बोचरा असतो.