‘घरी सोडा मला’

वर एका ताईंनी लिहिलंय, सासूबाई रोज संध्याकाळी पिशवी भरून दारात उभ्या राहतात, ‘घरी सोडा मला’ म्हणतात, आणि ‘अहो, हेच तुमचं घर’ म्हटलं की भडकतात. आमच्याकडेही अगदी हेच, आमच्या अण्णांना अल्झायमर (विसरण्याचा आजार) होता. अण्णा कोथरूडच्या फ्लॅटमध्ये २५ वर्षं राहिलेले, पण जायचं असायचं नारायण पेठेतल्या वाड्यात. वाडा पाडून तिथे इमारत झाली, हे मी दोन महिने त्यांना समजावत होतो. शुद्ध मूर्खपणा! अल्झायमरमध्ये मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा नव्या आठवणी साठवणारा भाग लवकर पोखरला जातो. नवं टिकत नाही, जुनं बराच काळ शाबूत राहतं. म्हणजे अण्णांसाठी वाडा रोज नव्यानं पडायचा.

मग वाद सोडला. ‘चला अण्णा’ म्हणून चपला घालायच्या, सोसायटीला दोन फेऱ्या मारायच्या, वाटेत ‘वाड्यात पाणी कुठून भरायचात?’ एवढंच विचारायचं. हौदाची गोष्ट संपेपर्यंत आम्ही जिन्यापाशी. ‘आलं बरं का घर’ म्हणत तेच आधी आत! अंधारायच्या आधी सगळे दिवे लावण्यानंही फरक पडला. गोंधळ एक-दोन दिवसांत एकदम वाढला तर मात्र डॉक्टरांना दाखवा. लघवीतला जंतुसंसर्गही असू शकतो.

आणि ताई, तुमची झोप? नणंदेला वार ठरवून द्या, ‘शनिवारची रात्र तुमची’ असा. मोघम ‘या कधीतरी’वर कुणी येत नाही, स्वानुभव आहे. ज्येष्ठांची १४५६७ ही हेल्पलाइनही टिपून ठेवा.

अण्णांच्या खिशात आम्ही फोन नंबरची चिठ्ठी ठेवायचो. ते ती बसचं तिकीट समजून जपायचे.