मदत हवी आहे: देवाची जुनी कृत्यं आठवायची, पण कशी?

नोकरीचं अडलंय. बायबल उघडून बोट पडेल ते वचन 'उत्तर' मानून पाहिलं, शांती संध्याकाळपर्यंतही टिकत नाही. बायबलमधल्या स्तोत्र ७७ मध्ये स्तोत्रकर्ता आसाफ आधी मनसोक्त तक्रार करतो, मग देवाची पूर्वीची कृत्यं आठवू लागतो. यहोशवाच्या पुस्तकात (अध्याय ४) तर इस्राएल लोकांनी यार्देन नदीतून बारा धोंडे उचलून आणलेत, पुढे मुलांनी 'हे कशाचे?' असं विचारावं आणि देवाचं कृत्य आठवावं म्हणून! तशीच देवाच्या जुन्या कृत्यांची एक वही केली. पण जुन्या नोंदी वाचल्या की 'तेव्हा केलंस, मग आता का नाही?' हेच वर येतं. चर्चच्या पाळकांशी बोललोय, अर्ज करणंही चालू आहे. नुसतं 'धीर धरा' नको. अशी वही खरोखर चालवणाऱ्यांनी सांगा: न सुटलेल्या गोष्टीही तिच्यात लिहिता का? आणि तक्रारीकडून आठवणीकडे वळताना प्रार्थनेत नेमकं काय म्हणता?