दॉख्ये ओंग्जू: नाव, पदवी आणि वंशावळ

वाचनवेडी_दादर:
आमच्या वाचक गटासाठी कोरियाच्या शेवटच्या राजकन्येवर 20 मिनिटांचं टिपण आणि भिंतीवर लावायला वंशावळ करायची आहे. तीन ठिकाणी अडलंय. नाव देवनागरीत कसं लिहू: देओखे, डोकहे की डुकह्ये? सम्राटाची मुलगी, तर 'गोंग्जू' न म्हणता 'ओंग्जू' का? आणि लग्नामुळे तिला वेड लागलं असं जिथे-तिथे वाचते, ते खरं धरू का?

हंगुल_गिरगाव:
रोमन लिपीत 'ईओ' अशी दोन अक्षरं दिसली तरी स्वर एकच आहे, आपल्या 'ऑ'च्या जवळचा. पुढचे 'क' आणि 'ह' बोलताना मिसळून 'ख' होतो. म्हणून दॉख्ये. हाच 'दॉक' दॉकसूगुंग आणि छांगदॉकगुंग या राजवाड्यांच्या नावांतही आहे, अर्थ सद्गुण. 'ऑ' पक्का केलात की तिन्ही नावं सारखी लिहिली जातील.

पट्टराणीची मुलगी गोंग्जू, राजाच्या इतर स्त्रियांच्या मुली ओंग्जू. हिची आई यांग घराण्यातली, राजवाड्यातली सेविका. 'सम्राटाची मुलगी' हे मात्र जपून लिहा. वडील गोजोंग यांना 1907 मध्ये गादी सोडावी लागली, 1910 मध्ये जपानने देशच गिळला आणि ही जन्मली 25 मे 1912 ला, म्हणजे साम्राज्य बुडाल्यावर. म्हणूनच राजघराण्यात तिची नोंद व्हायला 1917 उजाडलं आणि दॉख्ये हे नाव मिळालं 1921 मध्ये. तोवर ती 'बोंग्न्यॉंगदांगची लेक' होती. ते आईला मिळालेलं दालनाचं नाव. नऊ वर्षांची होईपर्यंत मुलीला स्वतःचं अधिकृत नाव नव्हतं, हे टिपणात नक्की घ्या.

इतिहास_पार्ले:
वंशावळीत नेहमी होणारी चूक म्हणजे मोठी झालेली चारही भावंडं एका रेषेखाली टांगणं. आया चार आहेत. आडवं कार्डशीट घ्या, मधोमध गोजोंग, वरच्या ओळीत चार आया आणि प्रत्येकीची रेघ वेगळ्या रंगाची. सुनजोंग (1874) राणी मिन यांचा, कांग (1877) जांग यांचा, उन (1897) ऑम यांचा, आणि शेवटी दॉख्ये. थोरला भाऊ 38 वर्षांनी मोठा, हे अंतर कागदावर दिसलं पाहिजे. तिच्यानंतर झालेले गोजोंग यांचे दोन मुलगे बालपणीच गेले, त्यांना लहान अक्षरांत जागा ठेवा.

आजाराचं उत्तर तारखांतच आहे. वडील जानेवारी 1919 मध्ये गेले. 1925 मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, तिला शिकायला म्हणून तोक्योला नेलं. 1926 मध्ये सुनजोंग गेले, 1929 मध्ये आई. आई राजघराण्यातली धरली जात नव्हती, म्हणून लेकीला तिचं सुतकही पाळू दिलं नाही. लक्षणं 1930 मध्ये दिसली, पुढे स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. त्सुशिमाच्या सो घराण्यातल्या काउंट ताकेयुकीशी लग्न झालं मे 1931 मध्ये. आजार आधीचा, लग्न नंतरचं. नवऱ्याला खलनायक करणं सोपं आहे, पण ते या क्रमात बसत नाही. 2016 च्या चित्रपटातला शांघायला पळून जाण्याचा प्रयत्नही काल्पनिक आहे, तो टिपणात नको.

वाचनवेडी_दादर:
आडनावांचा घोळ होतोय. आणि दॉख्येच्या मुलीच्या नावापुढे काय लिहू?

इतिहास_पार्ले:
जन्माने यी, लग्नानंतर सो. 1955 मध्ये घटस्फोट झाल्यावर जपानमधल्या नोंदीत आईचं आडनाव, यांग. तिन्ही चौकटीत लिहा, नाहीतर वाचणाऱ्याला त्या तीन वेगळ्या बायका वाटतील. मुलगी मासाए जन्मली 1932 मध्ये. 1956 मध्ये ती चिठ्ठी ठेवून घरातून गेली. 'आत्महत्या' लिहू नका. 'बेपत्ता, 1956' लिहा आणि मृत्यूची जागा कोरी ठेवा.

हंगुल_गिरगाव:
उनच्या चौकटीला त्याची जपानी पत्नी बांग्जा जोडायला विसरू नका. दॉख्ये जानेवारी 1962 मध्ये मायदेशी परतली आणि पुढे छांगदॉकगुंगच्या आवारातल्या नाक्सॉन्जेमध्ये राहिली. बांग्जाही तिथेच होत्या. नणंद गेली 21 एप्रिल 1989 ला, भावजय 30 एप्रिलला. या दोन तारखा शेजारी-शेजारी येतील अशा बेताने चौकटी आखा.