समाधानी रुग्ण म्हणजे उत्तम उपचार?

रुग्ण समाधानी असतील तर उपचारही चांगलेच झाले असणार, हा नेहमीचा मुद्दा मला अर्धाच पटतो. आरोग्यसेवेचे अभ्यासक डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये उपचारांचा दर्जा तपासायच्या तीन बाजू सांगितल्या: साधनं-मनुष्यबळ, प्रत्यक्ष उपचारांची पद्धत आणि परिणाम. रुग्णाला यातलं फार थोडं दिसतं.

कोविडचंच बघा. सुरुवातीला हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे मलेरियाचं औषध मिळालं की लोकांना हायसं वाटायचं. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीत दाखल रुग्णांना त्याचा फायदा नसल्याचं दिसलं. त्याच चाचणीत डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. पण स्वस्त गोळीवर कोण खूश होतं? आणि समाधानाचे फॉर्म भरतात ते घरी परतलेले लोक. जे गेले त्यांचं मत कुठेच नोंदलं जात नाही.

तरीही समाधान मोजूच नये असं मी म्हणणार नाही. कोविड वॉर्डात पीपीई किटमुळे डॉक्टर-नर्सचा चेहरा दिसत नव्हता, नातेवाइकांना आत प्रवेश नव्हता, अशा वेळी माहिती देणं हाही उपचारांचाच भाग होता. ऑक्सिजन का वाढवला, पालथं का झोपवलं हे कळलं तर घाबरलेला माणूस सहकार्य करतो. म्हणून फॉर्ममध्ये 'सेवा कशी वाटली?' असं मोघम विचारण्यापेक्षा नेमकं विचारावं, आणि नातेवाइकांनाही: ठरल्या वेळी फोन आला का? बोलणाऱ्याला रुग्णाची स्थिती माहीत होती का?