गरोदरपणातला ताप, उंदीर आणि स्वमग्नता: उड्या जरा आवरा

संशयात्मा: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, "गरोदरपणी ताप आला की मूल स्वमग्न (ऑटिस्टिक) होतं, उंदरांवर सिद्ध झालंय." असल्या एका ओळीने किती जणींची झोप उडत असेल! त्या प्रयोगांतल्या गाभण उंदरीला कुठलाही आजार नसतो. गर्भाच्या साडेबाराव्या दिवशी पोटात पॉली आय-सी टोचतात, बहुतेकदा किलोमागे 20 मिलिग्रॅम. या कृत्रिम दुपदरी आरएनएमुळे टीएलआर-3 ला, म्हणजे पेशींमधल्या विषाणू ओळखणाऱ्या प्रथिनाला, विषाणू आल्यासारखं वाटतं आणि आयएल-6 हे दाह वाढवणारं संदेशवाहक प्रथिन उसळतं. पुष्कळदा अंग तापायच्या ऐवजी गारच पडतं!

नाळ: म्हणूनच तर तो प्रयोग मोलाचा. जंतू नसतानाही पिल्लांचं वागणं बदलतं. 2007 मध्ये पॅटरसन या संशोधकांच्या प्रयोगशाळेत आईला नुसतं आयएल-6 एकदा टोचलं तरी पिल्लांचं प्रीपल्स इनहिबिशन (आधी हलका आवाज ऐकवला की मोठ्या आवाजाला कमी दचकणं) घसरलं. पॉली आय-सीसोबत आयएल-6 रोखणारी अँटिबॉडी दिली तेव्हा ते सावरलं. याहून वेगळं कार्यकारण कसं दाखवायचं?

वेतमोजे: एन, म्हणजे नमुन्यांची संख्या, किती धरला ते बघा आधी. तीन उंदरी, 24 पिल्लं, की लगेच एन = 24! सुई आईला टोचलीय, म्हणजे एन तीन. संख्याशास्त्रीय मॉडेलमध्ये वेत (एका आईची एका वेळची पिल्लं) हा रँडम इफेक्ट घाला, म्हणजे एका वेतातली पिल्लं एकमेकांसारखी असतात हे हिशोबात येईल, नाहीतर वेतागणिक एक नर, एक मादी घ्या. एकाच वेतातले सहा नर सोशल चेंबरमध्ये (मिसळण्याची वृत्ती तपासायच्या पेटीत) सोडून शोध लागत नसतात.

नाळ: हे आता सगळेच पाळतात.

वेतमोजे: सगळेच! शोधनिबंधातल्या मेथड्स वाचता की नुसते आलेख बघता?

पिपेट: एनवर भांडत बसा, खरी गोम पॉली आय-सीच्या कुपीत आहे. पोटॅशियम सॉल्टच्या काही कुप्यांत पॉली आय-सी वजनाच्या सुमारे 10 टक्केच, बाकी बफरचे क्षार. अख्खी पावडर 20 मिलिग्रॅमच्या हिशोबाने तोलली की डोस उरला 2. शिवाय लॉटगणिक (उत्पादनाच्या प्रत्येक खेपेगणिक) आरएनएच्या साखळ्यांची लांबी बदलते; लांब साखळ्या जास्त भडका उडवतात. त्यात एलपीएस (जिवाणूंच्या आवरणातला घटक) मिसळलेलं असेल तर तो ओळखणारं टीएलआर-4 पण जागं. म्हणून नवा लॉट आला की आधी छोटी पायलट चाचणी: तीन तासांनी रक्तातलं आयएल-6, 24 तासांनी आईचं वजन. डोस चढला तर गर्भ विरघळतात आणि उरलेल्या तगड्या पिल्लांवरच चाचण्या होतात.

नाळ: निकाल जुळला नाही की कुपी वाईट. सोयीचं आहे!

पिपेट: कुपी चोख असली तरी आतडं उरतंच. आईच्या आयएल-17 या दुसऱ्या दाहक प्रथिनामुळे पिल्लांवर परिणाम होतो हा मार्ग 2016 मध्ये दाखवला, तो आईच्या आतड्यात सेगमेंटेड फिलामेंटस बॅक्टेरिया हे ठराविक जिवाणू असतील तरच चालतो. उंदरांचा वाण तोच सी57बीएल/6, पुरवठादार बदलला की परिणाम गायब. असे तपशील निबंधात नोंदवायला लावणारी 2019 ची रिपोर्टिंग चेकलिस्ट काय शोभेला काढली?

संशयात्मा: माणसांकडे येणार आहात का कुणी? स्वीडनच्या नोंदींवरचा 2022 चा अभ्यास घ्या. गरोदरपणात संसर्ग झालेल्यांत स्वमग्नता जास्त दिसली, पण गरोदरपणाच्या आदल्या वर्षीच्या संसर्गातही जवळपास तितकीच. सख्ख्या भावंडांची तुलना केली तर तो संबंध उरलाच नाही.

नाळ: बरं बाबा, "सिद्ध" हा शब्द खोडा. पण त्या नोंदी मुख्यतः दवाखान्यापर्यंत पोचलेल्या संसर्गांच्या, आयएल-6 त्यात कुणी मोजलंय? आणि रुबेला विसरू नका. अमेरिकेतल्या 1964 च्या साथीत गर्भातच रुबेला झालेल्या मुलांत स्वमग्नता ठळक वाढलेली होती.

वेतमोजे: रुबेलाचा विषाणू थेट गर्भात शिरतो हो! तो आईच्या प्रतिकारशक्तीच्या या मुद्द्याचा पुरावा कसा?